पगारी पुराणिकाची भक्ती

कवी मोरोपंत मूळचे पन्हाळ्याचे. जन्म 1729चा. विद्या तिथेच पाध्ये गुरूंकडे झाली. पुढे बारामतीत सरदार बाबूजी नाइकांच्या आश्रयाला पगारी पुराणिक म्हणून आले आणि 1794 मध्ये इथेच वारले. त्या काळी बारामती-इंदापूरकडच्या माणसांना महाभारत कळायचे ते पुराण ऐकून. श्रोत्यांचे हेच विद्यापीठ. बाहेरून आलेल्या या पंडिताने त्याला आयुष्य वाहिले. प्रश्न असा की, वेतन घेऊन केलेली ही सेवा भक्ती ठरते का? आक्षेप जुना आहे: आश्रित माणूस धन्याचा, देवाचा नव्हे. मला तो पटत नाही. वेतनाने पुराण सांगून घेता येते, 108 रामायणे रचून घेता येत नाहीत. त्यांतल्या ‘निरोष्ठ रामायणा’त ओठांनी उच्चारायचे एकही अक्षर नाही, म्हणजे ‘राम’ हे नावसुद्धा वर्ज्य! असली अट कोणता धनी घालील? ही निव्वळ शब्दांची कसरत आहे, असेही म्हणतात. पण कथा नवी नव्हतीच. तीच पुन्हा नव्या बंधनात मांडायची, तर मन सतत तिच्यापाशीच लागते, आणि नामस्मरणात तरी दुसरे काय असते? संस्कृतप्रचुर रचनेमुळे अनेक जण दूर राहिले, हा आक्षेप मात्र खराच आहे. त्यांच्या भक्तीने तो पुसला जात नाही.