शरणागत-रक्षण आणि आजचा तरुण



'ससिक-रक्षण' ही लीळा आपण अनेकदा श्रवण केली आहे. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा धावत येऊन सर्वज्ञांच्या जानूखाली दडला. त्याच्या गुणदोषांची चौकशी स्वामींनी केली नाही. प्रथम त्यास आश्रय दिला, पारध्यांना परतविले आणि भय सरल्यावर त्याला 'महात्मा' असे संबोधून जाऊ दिले.

या क्रमाचे चिंतन आज अगत्याचे आहे. परीक्षेतील अपयश, कर्ज, मद्य वा गर्द यांनी घेरलेला तरुण हाही पाठलाग झालेला जीवच होय. तो घरी येतो तेव्हा, "कुळाला बट्टा लाविलास," असे म्हणून आपण त्याला पुन्हा पारध्यांपुढे लोटतो. आश्रमात आला तर व्यसननिषेध ऐकवितो. मीही पूर्वी असेच केले आहे. निषेध सत्यच आहे. मनुष्यदेह हे मोक्षाचे साधन असल्याने त्याचा स्वहस्ते घात ही हिंसा, हेही सत्य. परंतु धापा टाकणाऱ्या जीवाच्या कानी ते शिरत नाही.

कोणी म्हणेल, दुःख हे कर्मफळ आहे, ते भोगूनच सरावयाचे. सशाचेही कर्म होतेच. म्हणून स्वामींनी जानू आवरून घेतला नाही. कर्मसिद्धान्त दुसऱ्याच्या दुःखापुढे हात आखडण्यासाठी नव्हे.

म्हणून मुलगा वा मुलगी एकाएकी अबोल झाली, निद्रा-आहार तुटला, "मी नसलेलेच बरे," असे शब्द निघू लागले, तर जवळ बसवून सरळ विचारावे, "जीव द्यावा असे मनात येते काय?" विचारल्याने तो विचार उत्पन्न होत नाही, मनावरचा भार मात्र हलका होतो. मग उपदेश न करिता ऐकावे. एकटे सोडू नये. शेतीचे विषारी औषध कुलुपात ठेवावे. मनोविकारतज्ज्ञाकडे न्यावे. शासनाची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते. पोलिसांच्या भयाने उपचार लपवू नयेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने असा प्रयत्न करणारास शिक्षेस नव्हे, तर साहाय्यास पात्र मानिले आहे. औषध आणि नामस्मरण यांत विरोध नाही.

उपदेशाचा समय पुढे येईलच. त्यासाठी तो जीव प्रथम राहिला पाहिजे. आपल्या दारी आलेल्या भयभीतास जानूखाली जागा मिळो, हीच सर्वज्ञांच्या चरणी प्रार्थना.

दंडवत प्रणाम.