वर्मी लागलेला शब्द

सायंकाळच्या विरार गाडीने मुंबईहून परतणारा माणूस जेवणाच्या रिकाम्या डब्यासोबत आणखीही काही घरी आणतो. कुणा सहकाऱ्याचा टोमणा, वरिष्ठांनी चारचौघांत काढलेला अपमानाचा शब्द. दिवसभर तो मनात ठसठसत राहतो आणि उंबरठा ओलांडताच एखाद्या निरपराध माणसावर फुटतो.

गेल्या प्रायश्चित्तकाळात एक धर्मग्रामस्थ आमच्या कचेरीत येऊन बसले. त्यांच्या संमतीने हे लिहीत आहोत. हिशेबातील चुकीवरून साहेबांनी सर्वांदेखत त्यांना विचारले होते, "वीस वर्षे झाली, अजून साधी बेरीज जमत नाही?"

"फादर," ते म्हणाले, "दुसरा गाल पुढे करावा, असे आपण शिकवता. मी गप्प राहिलो. रात्री पोराने गणिताची वही पुढे केली आणि मी त्याच्या मुस्काटात मारली. दुसरा गाल पुढे झाला खरा. पण तो माझा नव्हता, पोराचा होता."

आम्ही त्यांना 'सहन करा, प्रार्थना करा' एवढेच सांगितले. ते गेल्यावर मात्र ते उत्तर आम्हालाच पोकळ वाटू लागले. मौन म्हणजेच सहनशीलता, असे आम्ही गृहीत धरले होते.

संत योहानाच्या शुभवर्तमानातील 18 व्या अध्यायात हन्नासमोर चौकशी चालू असता एक शिपाई प्रभू येशूला चपराक मारतो. प्रभू उलट मारत नाही. पण गप्पही राहत नाही. आपले बोलणे वावगे असेल तर ते दाखवून द्यावे, नसेल तर मारण्याचे कारण काय, असे तो विचारतो. दुसरा गाल पुढे करण्यास ज्याने शिकविले, त्यानेच हा प्रश्न केला आहे.

13 व्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा थिओलॉजिका' या ग्रंथात निंदेविषयी लिहिताना नेमका हाच प्रसंग विचारात घेतला. त्यांच्या मते अपमान सोसण्याची मनाची तयारी सदैव हवी. तथापि प्रत्येक वेळी तो निमूटपणे सोसलाच पाहिजे असे नाही. निंदकाच्या उद्धटपणाला आवर बसावा आणि आपल्या अपमानामुळे इतरांचे अहित होऊ नये, यासाठी कधी कधी उत्तर देणे योग्य ठरते. मात्र ते प्रेमापोटी द्यावे, स्वतःच्या मानासाठी नव्हे.

प्रभूच्या प्रश्नाला दोन बाजू आहेत. बोलण्यात आपले काही चुकले काय, ही पहिली. तसे नसेल तर हा घाव कशासाठी, ही दुसरी. रागाच्या भरात आपल्याला दुसरीच तेवढी सुचते. पहिलीकडे वळण्यास मन शांत व्हावे लागते, म्हणून तत्काळ उत्तर देण्याची घाई नको. शिवाय बंधूचा दोष एकांतात दाखवावा, हे मत्तयच्या शुभवर्तमानातील मार्गदर्शन आहेच.

पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ आले तेव्हा आम्ही हे सारे त्यांच्यापुढे मांडले. त्यांनी साहेबांची एकट्याने भेट घेतली. बेरीज चुकली ही आपली चूक, हे आधी कबूल केले. मग सर्वांदेखत तसे बोलल्याने दुःख झाल्याचे सांगितले. साहेबांनी क्षमा मागितली नाही. 'ठीक आहे' म्हणून त्यांनी समोरची फाईल उघडली. पण त्या सायंकाळी तो शब्द घरापर्यंत आला नाही. घरी गेल्यावर त्यांनी मुलाची क्षमा मागितली. साहेबांशी बोलण्यापेक्षा तेच अधिक अवघड गेले, असे ते म्हणाले.

हे ऐकताना आम्हाला आमच्या चर्चची व्यवस्था पाहणाऱ्या वृद्ध सेवकाची आठवण झाली. मेणबत्त्या वेळेवर लावल्या नाहीत म्हणून वेदीसेवक मुलांसमोर आम्ही त्यांना नको ते बोललो होतो. ते काही बोलले नाहीत, आणि त्यांचे मौन आम्हाला सोयीचे वाटले होते. दुसऱ्या दिवशी पहिल्या मिस्सेपूर्वी आम्ही त्यांची क्षमा मागितली. आणि मग त्या मुलांसमोरही, कारण अपमान त्यांच्यादेखत झाला होता.

प्रिय वाचकहो, कचेरीत, कारखान्यात किंवा घरी आपणही कुणाचे तरी साहेब असतो. आज आपला कोणता शब्द कुणाच्या घरी गेला असेल, हेही रात्रीच्या प्रार्थनेत स्वतःला विचारू या.