आजचं चिंतन : पसायदान आणि व्हायरस लिहिणारा मुलगा



रविवारी आई-वडिलांना घेऊन नेवाशाला जाऊन आलो. पैस खांबासमोर बसलं की पसायदान आपोआप ओठांवर येतं. शाळेपासून इतक्या वेळा म्हटलंय की अर्थाकडे लक्षच जात नाही. या वेळी मात्र एका मागण्यावर अडकलो. शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्ञानेश्वरी पूर्ण करताना माउलींनी दुष्टांसाठी काय मागितलं? ते नष्ट होवोत असं नाही. त्यांच्यातला वाकडेपणा तेवढा जावो, आणि त्यांना चांगल्या कामाची गोडी लागो.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. मला आठवला स्वेन याशान.

जर्मनीतल्या एका लहानशा खेड्यातला हा मुलगा. आईचा घरातूनच कॉम्प्युटर दुरुस्तीचा छोटा व्यवसाय. २००४ च्या सुरुवातीला मायडूम आणि बेगल हे व्हायरस जगभर पसरत होते. याने ठरवलं, आपण असा व्हायरस लिहायचा जो मशीनमध्ये शिरेल आणि त्या दोघांना काढून टाकेल. तो नेटस्काय. मग त्याने सॅसर लिहिला. याला ईमेल उघडायची गरज नव्हती, कशावर क्लिक करायची नव्हती. विंडोजमधल्या एका त्रुटीतून तो नेटवर्कवरून आपोआप शिरायचा आणि मशीन बंद होऊन पुन्हा सुरू व्हायचं, परत परत. ती त्रुटी बुजवणारा पॅच १३ एप्रिललाच आला होता, पण आपण अपडेट कधी वेळेवर करतो! सॅसर एप्रिलच्या शेवटी सुटला, याशानच्या अठराव्या वाढदिवसाच्या सुमारास. ब्रिटनच्या तटरक्षकांची नकाशाची यंत्रणा बंद पडली, त्यांना कागदी नकाशे काढावे लागले. डेल्टा कंपनीची विमानं रद्द झाली. मायक्रोसॉफ्टच्या अडीच लाख डॉलरच्या बक्षिसासाठी ओळखीच्यांनीच त्याचं नाव सांगितलं. मेच्या पहिल्या आठवड्यात पोलीस दारात.

आता प्रश्न असा, की यात वाकडेपणा नेमका कुठे आहे? हेतू तर सफाईचा होता. मला वाटतं, तो पहिल्याच पावलात आहे. कुणाच्या घरात न विचारता शिरून झाडू मारला, तरी ते शिरणंच. तिकडे पुण्यात नव्वदच्या दशकात संजय काटकर कॉलेजात शिकत होते. भाऊ कैलास दुरुस्तीचं काम करायचे. व्हायरस लागलेली मशीनं येऊ लागली तशी संजयनी ते व्हायरस साफ करणारे प्रोग्राम लिहिले. पुढे त्यातूनच क्विक हील झालं. व्हायरस काढायचा तर तो आतून तितकाच समजावा लागतो, जितका लिहिणाऱ्याला. म्हणजे विद्या तीच. फक्त इथे मालक स्वतः मशीन घेऊन यायचा.

याशानला २००५ मध्ये २१ महिन्यांची स्थगित शिक्षा झाली आणि ३० तास समाजसेवा. कोड लिहिला तेव्हा तो अठराचा नव्हता, म्हणून अल्पवयीन धरला गेला. पण निकालाच्या आधीच एका जर्मन सुरक्षा कंपनीने त्याला नोकरी दिली होती, फायरवॉल बनवायची. त्यावरून एका अँटिव्हायरस कंपनीने त्यांच्याशी संबंध तोडले. चोरालाच पहारेकरी करता का, असा राग. माझ्या टीममध्ये कुणी असा उमेदवार आणला असता तर मीही नाहीच म्हटलं असतं, हे कबूल करतो. पसायदान रोज म्हणून सुद्धा.

आणि तसं म्हणायचा मला काय अधिकार? २००९ साली नगरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली होती. पेनड्राइव्हवरून पसरायची, फोल्डर लपवायची, त्याच नावाचे शॉर्टकट बनवायची. गंमत म्हणून. दोन दिवसांत अख्ख्या लॅबमध्ये पसरली. कुणाचा तरी प्रोजेक्ट गेला म्हणून आरडाओरडा झाला. (गेला नव्हता, लपला होता. पण त्याने घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, मग खरंच गेला.) बोलणी खाल्ली लॅब सांभाळणाऱ्या काकांनी. कंत्राटावर होते. पुढच्या सत्रात ते दिसले नाहीत. माझ्यामुळेच की कसं, मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगावं लागलं असतं.

मी स्वतःला समजावत आलो की माझा वाकडेपणा केव्हाच गेला. आता मी बँकांसाठी कोड लिहितो, रिव्ह्यूमध्ये ज्युनिअर मुलांना सुरक्षेवर लेक्चर देतो. चांगल्या कामाची गोडी लागली म्हणायची. पण माउली तिथे थांबत नाहीत. पुढे ते जिवाजिवांत मैत्री मागतात. दोघांमध्ये. एकटा मी सुधारून ते कसं व्हायचं? काकांच्या बाजूने तर काहीच झालेलं नाही.

ते आता घोडेगावला झेरॉक्सचं दुकान चालवतात असं एका मित्राकडून कळलंय. रविवारी परतीचा रस्ता तोच होता. वडिलांना चहा हवा होता म्हणून थांबलो, समोरच दुकान दिसलं. बंद होतं. मला हायसं वाटलं, तेही इथे लिहून ठेवतो. शटरवर मोबाइल नंबर होता. फोटो काढून आणलाय.

राम कृष्ण हरी.