जवळ कोण राहतं?

वैजापूर तालुक्यातल्या बऱ्याच घरांचा हल्लीचा नकाशा असा असतो : थोरला गावात, शेतीवर. मधला वाळूजच्या कंपनीत, बजाजनगरात हप्त्यावर घेतलेल्या दोन खोल्यांत. धाकटा पुण्यात, चाकणला नाही तर हिंजवडीला. बहीण कोपरगाव किंवा येवल्याकडे दिलेली. आईवडील अर्थातच थोरल्याकडे. सणावाराला सगळे जमले की एक विषय हमखास निघतो. पुण्यात फ्लॅट घ्यायचा, संभाजीनगरला घ्यायचा, की गावातल्याच घरावर मजला चढवायचा? मधला आणि धाकटा तावातावाने बोलतात. थोरल्याला मात्र हा प्रश्न कुणी विचारत नाही. त्याचं काय ते ठरलेलंच आहे, असं सगळे धरून चालतात.

‘कुठे राहायचं’ या विषयावर आपल्याकडे जे बोललं जातं, ते बहुतेक जाणाऱ्यांच्या बाजूने बोललं जातं. पगार, मुलांची शाळा, पाणी, दवाखाना हे एका बाजूला. आईवडील आणि गावची ओढ दुसऱ्या बाजूला. पण जाणाऱ्याला हा हिशेब निवांत मांडता येतो, कारण मागे कुणीतरी राहिलेलं असतं. रात्री अडीचला वडिलांच्या छातीत दुखलं तर गाडी काढणारं कुणीतरी आहे, हे गृहीत धरूनच पुण्याच्या फ्लॅटची कागदपत्रं होतात. राहिलेल्या माणसाचा निर्णय मात्र कुणी निर्णय म्हणून मोजतच नाही.

जाण्याची कारणं खोटी नाहीत. मराठवाड्याच्या वायव्य टोकावरचा हा तालुका. दक्षिणेला गोदावरी वाहते, तरी बराचसा भाग पाऊस देईल तेवढ्यावर. नांदूर मधमेश्वरच्या जलद कालव्याचं आवर्तन मिळालं तर कांद्याचं, मक्याचं गणित जुळतं; नाही मिळालं तर कपाशीवर भिस्त. परसोड्याचा विनायक सहकारी साखर कारखाना बंद पडला आणि तालुक्यातच नोकरी मिळण्याची एक मोठी आशा मावळली. दरम्यान १९८५मध्ये वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला होता, त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची रांग लागली होती. आयटीआय झालेल्या पोराने तिकडे जाऊ नये, असं सांगायला कुणाची जीभ रेटेल?

वाळूज गाठलेल्या पोरांच्या पिढीने एक मधला मार्ग काढला. वैजापूर ते संभाजीनगर पाऊणशे किलोमीटरच्या आसपास, वाळूज त्याहून अलीकडे. आठवड्याच्या सुट्टीला गाव गाठता येतं, कांदा काढणीला रजा टाकता येते, आणि येताना ज्वारी-बाजरीचं पोतं, लसणाची जुडी मोटरसायकलला बांधून आणता येते. पगार पुण्याएवढा नाही, पण पोराचा ताप उतरेना तेव्हा आजी सकाळच्या एसटीने दुपारपर्यंत दारात. हा पर्याय निवडणाऱ्याला पुण्याचे नातेवाईक जरा मागे पडलेला समजतात. ती समजूत उथळ आहे.

समृद्धी महामार्गाने हे अंतर आणखी हलवलं. ११ डिसेंबर २०२२ला नागपूर ते शिर्डी हा टप्पा सुरू झाला, ५ जून २०२५ला इगतपुरी ते आमणे हा शेवटचा, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. तालुक्यात जांबरगावला त्यावर चढता-उतरता येतं. ज्याच्या दारात चारचाकी आहे, त्याला संभाजीनगर तासाभरावर आलं. पण या रस्त्यावर दुचाकीला बंदी आहे. म्हणजे वाळूजचा कामगार, ज्याची सगळी मदार मोटरसायकलवर, तो अजून गंगापूरच्याच रस्त्याने येतो. आणि पुणे? समृद्धीने पुण्याला काहीच जवळ आणलं नाही. तिथल्या धाकट्याला आजही कोपरगाव किंवा श्रीरामपूर करत नगरवरूनच यावं लागतं. दोनशेहून अधिक किलोमीटर, आणि शुक्रवारी संध्याकाळी वाघोलीतून बाहेर पडेपर्यंतच अर्धा जीव जातो.

जवळीक वाढवण्याचं खरं काम या दिमाखदार रस्त्यापेक्षा एसटीच्या दोन सवलतींनी जास्त केलं असावं. ऑगस्ट २०२२पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३पासून बायकांना तिकिटात निम्मी सूट मिळाली. एरवी लेकाने यावं म्हणून वाट पाहणारे म्हातारे स्वतःच पिशवी घेऊन निघू लागले. सासरी असलेली लेक ‘जाऊन येते’ म्हणताना आता भाड्याचा विचार कमी करते. कुटुंबाच्या जवळिकीचं धोरण म्हणून या सवलतींकडे कुणी पाहिलं नाही, सगळी चर्चा एसटीच्या तोट्यावरच झाली.

सिंगापूरमध्ये सरकार हे उघडपणे करतं. २०१५पासून तिथे आईवडिलांसोबत किंवा त्यांच्या जवळ घर घेणाऱ्यांना घरखरेदीसाठी अनुदान मिळतं आणि ‘जवळ’ म्हणजे किती, तेही नियमात लिहिलेलं आहे : चार किलोमीटरच्या आत. त्याआधी १९४८मध्ये जे. एच. शेल्डन या इंग्रज डॉक्टराने वुल्वरहॅम्प्टन शहरातल्या वृद्धांची पाहणी प्रसिद्ध केली, तीत त्याने जवळ राहण्याचं माप असं धरलं होतं : पुन्हा गरम न करता जेवण पोचवता येईल तेवढं अंतर. माप झकास आहे, कारण त्यात जेवण रांधणारं आणि पोचवणारं माणूसही आपोआप येतं. वैजापुरात या मापाने जवळ असतो तो फक्त थोरला. वाळूजची भाजी गावात येईतो गार, पुण्याची आंबलेली. उलट दिशेने मात्र डबे जातात : चटणी, ठेचा, कुरडया आणि दिवाळीत ट्रॅव्हल्सच्या क्लीनरच्या हवाली केलेला चिवड्याचा डबा.

थोरला म्हणताना खरं तर थोरल्याची बायको म्हणायला हवं. सासऱ्यांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकते ती. धाकटा तिकडून पैसे पाठवतो, मेडिकलमधून गोळ्या आणते ती, आणि सकाळची कोणती, रात्रीची कोणती हे पाकिटावर पेनाने लिहून ठेवते तीच. शिवाय तिने स्वतः कुठे राहायचं, हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. केंद्र सरकारच्या २०२०-२१च्या पाहणीनुसार देशातल्या ४७.९ टक्के स्त्रिया स्थलांतरित आहेत, पुरुष फक्त १०.७ टक्के, आणि या स्त्रियांपैकी ८६.८ टक्के लग्नामुळे घर सोडून आलेल्या. देशातलं सर्वांत मोठं स्थलांतर हे असं, कुठलाही पर्याय पुढे न ठेवता होणारं. तिचे आईवडील येवल्याला किंवा कन्नडला कुणाच्या भरवशावर आहेत, हा प्रश्न वैजापूरच्या घरात क्वचितच निघतो.

कायद्याच्या नजरेतूनही ती निसटते. २००७च्या ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायद्याने मुलगा, मुलगी, नातवंडं यांच्यावर जबाबदारी टाकली. महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता ठरवता येतो. जावई-सुनेला त्यात आणण्याची दुरुस्ती २०१९मध्ये मांडली गेली, पण मंजूर झाली नाही. एका अर्थी बरंच झालं, नाहीतर जी करतेच आहे तिच्यावर सक्तीही आली असती. पण एक गोष्ट स्पष्ट दिसते. कायदा पैसे वसूल करून देऊ शकतो. रात्री अडीचला उठणारं माणूस तो देऊ शकत नाही.

मग आईवडिलांनाच शहरात न्यावं, हा सोपा वाटणारा उपाय जवळजवळ प्रत्येक घरात एकदा होऊन गेलेला असतो. पुण्यातल्या सातव्या मजल्यावर वडील पहिले आठ दिवस खूश असतात. लिफ्टचं कौतुक होतं, नातवाला शाळेच्या बसपर्यंत सोडून होतं. नंतर पावसाचा अंदाज विचारायला फोन सुरू होतात. कालव्याला पाणी सुटलं का, सरला बेटावरच्या गंगागिरी महाराजांच्या सप्ताहाला कोण कोण जाणार आहे. मग एके दिवशी ‘तिकडं कामं खोळंबली’ म्हणत ते परततात. कामं फारशी नसतात, पण पारावर बसायला माणसं असतात. म्हातारपणी राहणीमान म्हणजे नेमकं काय, याचं हे त्यांचं उत्तर असतं आणि ते हट्टीपणा म्हणून बाजूला सारणं बरं नव्हे.

सगळ्यात अवघड गाठ वाटणीच्या वेळी सुटायला येते. २००५च्या दुरुस्तीनंतर बहिणीलाही वडिलोपार्जित जमिनीत बरोबरीचा हक्क आहे, महाराष्ट्राने तर तो १९९४मध्येच दिला होता, आणि तो योग्यच आहे. कायद्याचे वाटे समान असतात. पुण्यात पस्तीस वर्षं राहिलेल्याचा आणि गावात पस्तीस वर्षं आईवडील सांभाळलेल्याचा वाटा सारखाच. महामार्गालगतच्या जमिनींना भाव आल्यापासून हे समानत्व बांधावर जोरजोरात बोललं जातं. काही शहाणी घरं आईवडिलांच्या नावाने एक वाटा वेगळा काढतात आणि शेवटपर्यंत जो सांभाळेल त्याला तो, असं आधीच ठरवतात. बहुतेक घरांत मात्र हे बोलणं निघतं ते तेरावं झाल्यावर, तलाठ्याकडे वारसाची नोंद घालायला सगळे एकत्र गेल्यावर. तोवर धाकट्याचा फ्लॅट घेऊन झालेला असतो, थोरल्याचं वय पंचावन्न असतं आणि त्याचा स्वतःचा मुलगा पुण्याला खोली बघत असतो.