पूर्णाला प्रेमाची अपेक्षा कां?

ज्याला कांहीं उणें नाहीं त्याला कांहीं हवेंसें वाटावें, ही गोष्ट बुद्धीला सहजासहजीं पटत नाहीं. तहानलेला पाणी मागतो, एकाकी सोबत मागतो. मागण्याच्या मुळाशीं कोठें तरी न्यून असतेंच. असें असतां ख्रिस्ती धर्म सांगतो कीं, विश्वाचा कर्ता माणसाच्या प्रेमाची इच्छा करतो व त्यासाठीं आपण होऊन माणसाकडे येतो. पूर्ण असून अपेक्षा करणारा हा देव कसला? हें कोडें केवळ पंडितांच्या वादाचें आहे असें आम्हांस वाटत नाहीं. प्रेम म्हणजे काय आणि तें मागावें कसें, हा घरोघरचा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यानें इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत या कोड्याला जागाच ठेवली नव्हती. त्याच्या 'मेटाफिजिक्स' या ग्रंथांतला ईश्वर विश्वाला गति देतो, पण ती प्रिय वस्तु प्रेम करणाऱ्याला ओढून घेते तशी. तो स्वतः अचल, आपल्याच चिंतनांत मग्न. अशा ईश्वरापुढें मस्तक लववितां येईल. त्याच्यापाशीं मन मोकळें करतां येणार नाहीं. उलट, त्याच्याही सुमारें चारशें वर्षें आधीं इस्राएलांत होऊन गेलेल्या होशेय या संदेष्ट्याचा देव रुसतो, कळवळतो. सोडून गेलेल्या पत्नीला परत आणणारा पति आणि लेकराला चालावयास शिकविणारा पिता, अशा दोन उपमा होशेयानें त्याला दिल्या. ख्रिस्ती विचाराला ग्रीकांची पूर्णता आणि हिब्रूंची व्याकुळता, असे दोन्ही वारसे मिळाले, आणि त्यांचा मेळ घालतांना त्याची पुरी दमछाक झाली.

बाराव्या शतकांत पॅरिस येथील सेंट व्हिक्टर मठांतल्या रिचर्ड नांवाच्या साधूनें एक तोड काढली. प्रेमाला दुसरा कोणी तरी लागतोच. तेव्हां परिपूर्ण प्रेम एकट्याच्या ठायीं असूं शकणार नाहीं. म्हणूनच पिता, पुत्र व पवित्र आत्मा असें त्रैक्य देवाच्या स्वरूपांतच आहे, असें त्याचें म्हणणें. हें मान्य केलें तर एक गोष्ट ओघानेंच येते : देवानें माणूस निर्मिला तो एकाकीपणा घालविण्यासाठीं नव्हे. माणसावरील त्याचें प्रेम ही भूक नसून आईच्या पान्ह्यासारखी विपुलता आहे.

उत्तर सुंदर आहे. पण आमच्या मतें तें अर्धेंच आहे. नदी भरून वाहते, तिचें पाणी कोणी पितो कीं नाहीं याची तिला खंत नसते. प्रेमाला ती असते. नाकारलें गेलें तरी ज्याला कांहींच लागत नाहीं तो दाता असेल, प्रेमी नव्हे. हा उरलेला अर्धा भाग लूककृत शुभवर्तमानांतल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतांत सांपडतो. बाप जिवंत असतांच धाकटा आपला वांटा मागतो. बाप तो देतो आणि त्याला जाऊं देतो. पुढें तो कफल्लक होऊन परततो, तेव्हां बाप त्याला दुरूनच पाहतो व धांवत सुटतो. 'मला चाकर करून ठेवा' हें घोकून आणलेलें वाक्य उच्चारण्याची त्या मुलाला संधीच मिळत नाहीं. वाट पाहणारा देव मराठी वाचकाला नवा नाहीं; आमचा विठ्ठल विटेवर उभाच आहे. परंतु पुंडलिकासाठीं थांबलेला देव सेवेंत गुंतलेल्याची वाट पाहतो. हा पिता पाठ फिरवून गेलेल्याची पाहतो.

प्रेम हवें असेल तर नकाराचा हक्क द्यावाच लागतो. डॅनिश चिंतक किर्केगार्ड यानें १८४४ सालीं एका राजाची कथा योजून हेंच दाखविलें. राजाचें एका गरीब मुलीवर प्रेम बसतें. तो वैभवानिशीं तिच्यापुढें आला तर ती दिपून जाईल. तिचा होकार खरा कीं दडपणाचा, हें कळावें कसें? म्हणून त्यानें खालीं उतरलें पाहिजे. आणि देवाच्या बाबतींत तो दासाचा वेष केवळ पांघरलेला नव्हे, तें त्याचें खरें रूप होय, असें किर्केगार्ड सांगतो.

येथें एक आक्षेप टाळतां येत नाहीं. याच धर्माच्या व्यासपीठावरून 'प्रेम कर, नाहीं तर नरकांत जा' असेंही शतकानुशतकें बजावण्यांत आलें. धाकानें मिळतें तें प्रेम नव्हे, खंडणी. नरकाचीं दारें आंतून बंद केलेलीं असतात, असें सी. एस. लुईस यांनीं १९४० सालीं लिहिलें. त्यानें देवावरचा ठपका हलका होतो खरा. पण धाक दाखविणाऱ्या उपदेशकाचा नाहीं. त्या उपदेशानें दृष्टांतांतल्या बापाच्या हातीं काठी दिली, असेंच आम्हांस म्हणावें लागतें.

त्या दृष्टांतांत थोरला भाऊही आहे. तो कधींच घर सोडून गेला नाहीं. पण इतकीं वर्षें राबलों आणि एक करडूंही मिळालें नाहीं, हा हिशेब त्यानें मनांत जपून ठेवला होता. पंक्ति बसलेली असतांना तो रागानें बाहेर थांबतो. बाप त्याच्यासाठींही बाहेर येतो व त्याची मनधरणी करतो. थोरला आंत गेला कीं नाहीं, हें मात्र कथेंत सांगितलेलें नाहीं. सांगणार तरी कसें? तें बापाच्या हातीं नव्हतें. घर त्याचें, मेजवानी त्याची, चाकर त्याचे. मुलाचें एक पाऊल मात्र त्याचें नव्हे. ख्रिस्ती माणसाचा देव सर्वशक्तिमान् असूनही या अंगणांत येऊन थांबतो. आपल्या माणसांपाशीं प्रेम मागतांना आपण तितकें थांबतों काय?