फाटकासमोर गाडी लावू नये

धंतोलीत राहणाऱ्या माणसाचं निम्मं आयुष्य फाटकावरची पाटी रंगवण्यात जातं. दवाखाने वाढले, दवाखान्यांबरोबर गाड्या वाढल्या, आणि प्रत्येक बंगलेवाल्याने ‘फाटकासमोर गाडी लावू नये’ असं लिहून घेतलं. ही पाटी वाचायची परवानगी सर्वांना असते. ऐकायची सक्ती कुणावरच नसते. परवानगी या विषयातलं माझं शिक्षण एवढंच. ते अपुरं आहे हे घरातल्या दोन संगणकांनी दाखवून दिलं.

झालं असं, की सासूबाईंच्या भजनांच्या जुन्या कॅसेटी मी खटपट करून माझ्या संगणकावर उतरवून घेतल्या. सौभाग्यवतींना ती भजनं स्वयंपाकघरात, स्वतःच्या लॅपटॉपवर ऐकायची होती.

"एकाच घरात आहेत ना दोन्ही? मग एकमेकांना दिसत कसे नाहीत?" तिने विचारलं. (लग्नाला एकेचाळीस वर्षं झालेल्या बाईला या गोष्टीचं नवल वाटावं!)

शेवटी पुतण्याला बोलावलं. त्याने पडद्याकडे एकदा पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुम्ही नेटवर्क पब्लिक ठेवून राहिले." म्हणजे माझा संगणक राहत्या घरात बसून सीताबर्डीच्या गर्दीत उभं असल्यासारखा वागत होता. कुणाला ओळख म्हणून द्यायची नाही. ‘प्रायव्हेट’ केल्यावर हे घर आपलंच आहे असं त्याला पटलं आणि त्याचं नाव तिकडे उमटलं. पण फोल्डर उघडेना. ते पासवर्ड मागू लागलं. रोज सकाळी ज्या चार आकड्यांनी मी संगणक उघडतो ते आकडे दिले, तर नाही म्हणालं. ती पिन म्हणे त्या यंत्रासमोर बसणाऱ्यापुरती. दुसऱ्या खोलीतून येणाऱ्याला खात्याचा पासवर्ड हवा. मग माझ्या संगणकावर सौभाग्यवतींचं वेगळं खातं काढलं. तरी उत्तर आलं, परवानगी नाही. कुलपं दोन असतात असं तेव्हा कळलं: एक वाटणीचं, एक खुद्द फोल्डरचं, आणि दोहोंत जे कडक असेल त्याचं चालतं. ही व्यवस्था ज्याने शोधली त्याच्या घरी सासू आणि सासरे दोन्ही असले पाहिजेत.

पूर्वी विंडोजमध्ये ‘होमग्रुप’ नावाची सोय होती. सगळ्या घराला मिळून एक पासवर्ड. २०१८ साली विंडोज १० मधून ती काढून टाकली. आमच्याकडे एकत्र कुटुंब मोडायला निदान दोन पिढ्या लागल्या होत्या.

"काका, सगळी कागदपत्रंच ‘एव्हरीवन’ला देऊन टाका ना, कटकट नाही," पुतण्या म्हणाला.

इथे मी चपापलो. त्या कागदपत्रांत ‘घर’ नावाचं एक फोल्डर होतं आणि त्यात हा बंगला विकण्याच्या कराराचा मसुदा होता. शेजारच्या दवाखान्याला जागा हवी आहे. आकडा बरा आहे, गुडघे बरे नाहीत. तीन महिने मी तो मसुदा रात्री पडल्या पडल्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवर, पेनड्राइव्ह लावून वाचत होतो. घरात बोललो नव्हतो.

पुतण्याला निराळंच निमित्त सांगून विचारलं. तो म्हणाला, "सोपं आहे. वाटणीच्या नावाला शेवटी डॉलरचं चिन्ह जोडा. यादीत दिसतच नाही. ज्याला पत्ता ठाऊक तोच जातो." मी जोडलं. घर विकायच्या कागदावर डॉलर! तसं पाहिलं तर युक्ती जुनीच. माझी आई तांदळाच्या डब्यात पैसे ठेवायची. ते कुणाला दिसत नसत; पत्ता मात्र आम्हा पाचही भावंडांना ठाऊक होता.

त्या रात्री झोप लागेना. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं एकमताने सांगितलं. त्या नऊ जणांत आमच्या नागपूरचे शरद बोबडेही होते. एवढा भक्कम, शिवाय गाववाल्याचा आधार असताना बायकोपासून एक फाइल लपवताना माणसाला घाम का फुटावा? विचार करता करता वाटलं, ‘परवानगी नाही’ म्हणणारा संगणक माझ्यापेक्षा सरळ. तो दार दाखवतो आणि मग अडवतो. त्याच्याशी भांडता येतं, पासवर्ड मागता येतो. मी दारच दिसू देत नव्हतो. जे दिसतच नाही त्यावर ती भांडणार कशी? आणि हा हक्क माझा एकट्याचा कसा? सातबारा नसला तरी चाळीस वर्षांची झाडलोट तिच्या नावावर आहेच की.

पहाटे उठून डॉलर काढला. तिच्या खात्याला परवानगी दिली, पण जपून: फक्त वाचायची. चहाच्या वेळी चाचरत सांगितलं.

"ते डॉक्टर दोनदा टेप घेऊन अंगण मोजून गेले," ती म्हणाली. "चहा कोणी केला होता त्यांना?"

मी गप्प.

"आणि नुसतं वाचायचं कशाला? मला काही लिहायचं असलं तर?"

पुन्हा पुतण्याला फोन. दोन्ही कुलपांत बदल करायची परवानगी दिली. संध्याकाळी स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज येत होता, कॅसेटच्या खरखरीसकट. मी मसुदा उघडला. आकड्याला तिने हात लावला नव्हता. खाली मात्र एक ओळ वाढली होती: मागच्या आंब्याचं काय करणार, ते आधी विचारा.