वाचलेला वेळ कुणाचा?

संगणकाच्या धंद्यात असलेल्यांनी कापसाचा इतिहास वाचायला हवा, आणि खामगावच्या माणसाला तर तो वेगळा सांगावा लागू नये. वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत पोचावा म्हणून जलंबहून खामगावला रेल्वेचा फाटा आला तो १८७० मध्ये. त्याच्या पाऊणशे वर्षं आधी, १७९३ मध्ये, अमेरिकेत एली व्हिटनीने कापसातून सरकी काढण्याचं यंत्र तयार केलं. दिवसभर बोटं झिजवणारं काम यंत्राकडे गेलं, म्हणजे मजुरांचे कष्ट हलके व्हायला हवे होते. झालं उलटंच. कापूस फायद्याचा ठरला, लागवड वाढली आणि दक्षिणेतली गुलामगिरी आणखी घट्ट झाली, कारण यंत्राने वाचवलेला वेळ मळेवाल्याच्या ताब्यात होता. ऑटोमेशनमुळे सॉफ्टवेअर डेव्हलपरचं काम आनंदाचं होईल का, याचं उत्तर मला याच इतिहासात दिसतं. वाचलेला वेळ ज्याने वाचवला त्याच्याकडेच राहिला, तरच ते होईल. आणि तशी व्यवस्था करणं नोकरदारापेक्षा फ्रीलान्स सल्लागाराला अधिक शक्य आहे.

या धंद्यातली हमाली बाहेरच्यांना दिसत नाही. नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवायची, तर डेटाबेसचा बॅकअप घ्या, जुन्या फाइली बाजूला ठेवा, नव्या टाका, सेटिंग बदला, सर्व्हिस बंद करून पुन्हा चालू करा, मग लॉगिन करून सगळं चालतंय ना ते पाहा. हे सहसा रात्री, ग्राहक झोपलेले असताना करायचं. यात विचार करण्यासारखं काही नाही, चुकण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड टाकायचा राहिला, आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या आसपास नुकसान झालं. ते काम हाताने होत होतं. कंटाळलेल्या माणसाकडून पायरी सुटणं हा त्याच्या चारित्र्याचा दोष नव्हे. तसं काम त्याच्या गळ्यात घालणं हाच दोष. बेल लॅब्समध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ मध्ये प्रोग्रॅम आपोआप बांधणारं 'मेक' हे साधन लिहिलं तेही अशाच त्रासातून. एका सहकाऱ्याची अख्खी सकाळ बरोबर असलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधण्यात गेली होती. दुरुस्त केलेली फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली होती, इतकंच.

आता खामगावच्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहू. शेगावचं संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालय १९८३ पासून चालू आहे, चिखलीलाही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. इथून शिकलेल्यांची वाट पुण्याकडे जाते. पण लॅपटॉप आणि बरं इंटरनेट असलं की हे काम गावातूनही होतं. अडचण वेगळी आहे. इथे एकटा काम करणारा खरोखर एकटा असतो. शेजारच्या टेबलावर 'जरा बघ रे' म्हणायला कुणी नाही, आणि मधल्याच पायरीवर लाइट गेली की सर्व्हर अर्धवट अवस्थेत अडकतो. तीच कामं सर्व्हरवर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये असली, तर घरची लाइट गेली तरी ती पुरी होतात. मध्येच फसली तर जुनी आवृत्ती परत येते. शहरात जी सोय वाटते, ती इथे गरज आहे.

पण बिल तासावर असेल तर हेच ऑटोमेशन अंगाशी येतं. वीस तासांचं काम दोन तासांवर आणणाऱ्याची कमाई दहाव्या हिश्श्यावर येते, आणि हमाली जपणारा सुखी राहतो. म्हणून मोबदला निकालावर ठरवावा: आवृत्ती न अडता चढावी, बिघाड तासाभरात मागे घेता यावा. यावर क्लायंट म्हणेल, 'दोन तासांच्या कामाचे दोन दिवसांचे पैसे का देऊ?' शंका रास्त आहे. मात्र तो विकत घेतो ते तास नव्हेत, त्याच्या डेव्हलपरांची निवांत रात्र आहे. ती त्यांच्या हाती पडेल की मालक त्या जागी आणखी दोन कामं लावेल, हे सल्लागाराच्या पूर्ण हातात नाही. तरी वाचलेल्या वेळातला काही भाग जुना कोड सुधारण्यासाठी राखून ठेवावा, ही अट करारात लिहून घेता येते. मोठ्या कंपनीतला नोकरदार ही अट कुणापुढे ठेवणार?

दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो. मानसशास्त्रज्ञ लिझान बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवून दिलं होतं की सोपं काम यंत्राने घेतलं की माणसाकडे अवघड तेवढं उरतं, आणि सराव सुटल्यामुळे नेमक्या अडचणीच्या वेळी हात चालत नाही. नवशिक्याचं नुकसान तर दुहेरी. बटण दाबल्यावर आत काय घडतं ते त्याने कधी पाहिलेलंच नसतं. पण म्हणून रोज हाताने काम करून घेणं हा इलाज नाही. स्क्रिप्ट वाचता येईल अशी लिहावी आणि प्रत्येक पायरी का आहे ते तिच्यातच नोंदवावं. तीन महिन्यांतून एकदा, भर दिवसा, चाचणीच्या सर्व्हरवर नवशिक्याकडून बॅकअपमधून सगळं हाताने उभं करून घ्यावं, आणि त्या दिवसाचे पैसे दरपत्रकात वेगळ्या ओळीत मागावेत.